एकविसावा दिवस

पहाटे, कोंबडीची अंडी उबवायला ठेवलेल्या थर्माकोलच्या खोक्यातून चिवचिव ऐकू आली आणि मी अनवाणीच पडवीत धावलो. अंड्याच्या आतूनच आवाज!

एक बल्ब, तापमान ठरावीक ठेवणारा छोटा थर्मोस्टॅट, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, पाण्याची वाटी. एवढ्यावर ३७.५ अंश सांभाळले. १८व्या दिवसापर्यंत रोज तीनदा अंडी फिरवली. मध्येच एका रात्री वीज गेली, तेव्हा आईने गरम पाण्याच्या बाटल्या गोधडीत गुंडाळून खोक्याभोवती लावल्या. तिच्यामुळेच वाचली ही.

पहिल्या पिल्लाने कवचाला चोचीएवढं भोक पाडलं आणि मग कितीतरी वेळ नुसतं धापा टाकत राहिलं. हात शिवशिवत होते, पण कवच सोलायचं नसतं, रक्त येतं. दुपारी ते आपलं आपण बाहेर आलं, ओलंचिंब, मान टाकलेलं. आता वाळून तपकिरी पट्ट्यांचा मऊ गोळा झालाय.

१२ पैकी ५ आलीत. बल्ब चालूच ठेवलाय.