नावापुरता बेक, नावापुरता शार्क

वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदाद बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर मराकस नावाची पुळण आहे. मागे हिरवा डोंगर, मध्ये माड, पुढे दणदणीत लाटा. कोकणातल्या माणसाला क्षणभर आपण कुठे आलोय ते आठवावं लागेल. माडांच्या मागे रस्त्याकडेला खाण्याच्या टपऱ्या आहेत आणि दुपारी तिथे जे विकलं जातं त्याचं नाव 'बेक अँड शार्क'. नावात दोनच पदार्थ, आणि दोन्हींबाबत गिऱ्हाइकाची थोडी फसवणूक आहे. बेक हा बेक केलेला नसतो, चक्क तळलेला असतो. शार्क हा शार्क असेलच याचीही हल्ली खात्री नाही. आणि ज्याच्यावाचून हे खाणं उभंच राहत नाही ते हिरवं पान नावात कुठेच नाही. बटाटेवड्यातल्या कोथिंबिरीचं नाव तरी कोण घेतो म्हणा.

पोर्ट ऑफ स्पेन या राजधानीहून इथे यायला पाऊणएक तास लागतो. पोर्ट ऑफ स्पेन हे नाव मराठी घरांत १९७१ पासून ओळखीचं. वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं ते याच शहरातल्या क्वीन्स पार्क ओव्हलवर, आणि गावसकरांची ती पहिली कसोटी. शहराबाहेर पडलं की डोंगरातून वळणं घेत जाणारा रस्ता लागतो. तो अमेरिकी नौदलाने दुसऱ्या महायुद्धात बांधून दिला. चागुआरामासचा किनारा त्यांनी तळासाठी घेतला, लोकांची पोहायची जागा गेली, तिची ही भरपाई. थोडक्यात, मराकसच्या टपऱ्यांना गिऱ्हाईक मिळालं त्यात एका आरमारी तळाचाही हात आहे.

आधी बेक. दिसायला भटुऱ्याचा भाऊ, पण भटुऱ्याच्या घराण्यातला नाही. तो तिथल्या क्रिओल, म्हणजे आफ्रिकी आणि मिश्र वंशाच्या, घरांतल्या न्याहारीचा पदार्थ. सकाळी चीज, खारा मासा किंवा अंडं घालून खातात. तव्यावर भाजलेला तो 'रोस्ट बेक', नारळ घातलेला 'कोकोनट बेक', आणि किनाऱ्यावरचा हा 'फ्राय बेक'. म्हणजे बेक हे क्रियापद राहिलेलंच नाही, त्याची भाकरी झाली आहे.

सहा बेकांना ३०० ग्रॅम मैदा, दोन चमचे बेकिंग पावडर, पाऊण चमचा मीठ, मोठा चमचाभर साखर, तेवढंच लोणी. लोणी कोरड्या पिठाला बोटांनी चोळून घ्यायचं आणि मग १७० ते १८० मिलिलिटर पाणी, तेही एकदम ओतायचं नाही. कणीक पुरीपेक्षा सैल, पोळीपेक्षा किंचित चिकट हवी. घट्ट भिजवली तर फुगायला लागणारी वाफच आत तयार होत नाही. मळायचं मात्र जेमतेम. हातावर राग काढल्यासारखं मळलं की बेक चिवट होतो. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायची. ही अर्ध्या तासाची सवलत जो घेत नाही त्याची लाटी लाटताना पुन्हा आक्रसते, मग तो जोर लावतो, मग कडा पातळ आणि मध्य जाड राहतो, आणि असला बेक एका बाजूला टेंगूळ येऊन बसतो.

तळहाताहून थोडा मोठा, तेरा सेंटिमीटरचा गोल, जाडी अर्धा सेंटिमीटर. लाटायला पीठ कमीत कमी. पिठी तेलात उतरते, जळते, आणि चौथ्या-पाचव्या बेकला काळे ठिपके येतात. तेलाचं तापमान १८० अंशांच्या आसपास. मापक नसेल तर कणकेचा वाटाण्याएवढा गोळा टाकून बघावा: तळाशी जाऊन लगेच वर यायला हवा. तळाशीच बसून राहिला तर तेल थंड आहे, आणि थंड तेलात बेक फुगत नाही, नुसता तेल पितो. टाकल्याबरोबर झाऱ्याने वरच्या अंगावर गरम तेल उडवत राहायचं. त्याने वरचा पापुद्रा लवकर धरतो, आतली वाफ बाहेर निसटत नाही आणि बेक टम्म होतो. पुरी करणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही. दोन-अडीच मिनिटांत दोन्ही बाजू बदामी.

आता चूक होते ती तळून झाल्यावर. गरम बेक एकावर एक रचून झाकून ठेवले की ते स्वतःच्याच वाफेने भिजतात आणि दहा मिनिटांत वातड होतात. टपरीवरची सराईत बाई बेक निथळला की लगेच कडेने सुरी फिरवते, दोन-तीन बोटं जागा जोडलेली ठेवते आणि पुस्तकासारखा उघडून वाफ जाऊ देते. टपरी निवडायची असेल तर फलकाकडे बघू नये, या बाईच्या हाताकडे बघावं. मागे डब्यात भरून ठेवलेले बेक दिसले तर पुढच्या टपरीकडे चालू लागावं.

शार्क म्हणजे आपली मुशी, मालवणात मोरी. मोरीच्या रश्श्याला मालवणी माणूस 'मोरीचं मटण' म्हणतो तो उगाच नाही. मांस घट्ट असतं, शिजताना विस्कटत नाही. पावात घालायला हा मासा का, याचं उत्तर मात्र तिच्या हाडांत आहे, म्हणजे हाडं नसण्यात. मुशीच्या अंगात काटे नाहीत, सगळा सांगाडा कुर्चेचा. कातडी सोलून लांबट तुकडे काढले की डोळे मिटून चावता येतं. उभ्याने, एका हाताने, समुद्राकडे बघत खाण्याच्या पदार्थात काटा निघणं परवडत नाही.

तिची खोड एकच, आणि ती कोकणातल्या प्रत्येक सुगरणीला ठाऊक आहे: वास. मुशी आपल्या अंगात युरिया साठवून ठेवते, खाऱ्या पाण्यात राहण्याची ती तिची युक्ती. मेल्यावर जिवाणू त्याचा अमोनिया करतात. म्हणून पकडल्याबरोबर रक्त काढून ती बर्फात गेली पाहिजे. स्वयंपाकघरात लिंबू पिळलेल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून धुतात. त्रिनिदादमध्ये मासा आणि कोंबडी दोन्ही अशी लिंबाने धुतल्याशिवाय कोणी चुलीपाशी नेत नाही. पण लिंबाने किंचित वास जातो, बिघडलेली मुशी सुधारत नाही. आणि अर्धा तास लिंबात विसरली तर आंबटाने मांस बाहेरून पांढरं पडतं, मग तळल्यावर कोरडं आणि भुसभुशीत लागतं. खाणाऱ्याने एवढंच करावं: पहिला घास घेण्याआधी तुकडा मोडून नाकाशी न्यावा. नाकात झिणझिणलं तर परत द्यावा, लाजू नये.

तुकडे बोटभर रुंद, सव्वा सेंटिमीटर जाड. अर्ध्या किलोला दोन मोठे चमचे हिरवा मसाला (त्याची कृती पुढे येते), चमचाभर मीठ, तासभर मुरवण. मैद्यात घोळवायचे ते कढईच्या काठावर उभं राहून. आधी घोळवून ठेवले की पिठाचा चिखल होतो आणि कवच तेलात सुटून येतं. एका बाजूला दोन, फार तर तीन मिनिटं.

आता खात्रीचा प्रश्न. तिथे ज्या जाती खातात त्यांतल्या काळ्या टोकांच्या परांच्या, म्हणजे ब्लॅकटिप शार्कला साधारण चार ते सात पिल्लं होतात, तीही वर्षाआड. इतक्या कमी वेगाने वाढणारा प्राणी रोजच्या न्याहारीला पुरत नाही. २०२२ साली पनामात झालेल्या साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, बैठकीत या कुळातल्या शार्कांचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आला. टपरीवरचं जेवण त्या नियमाखाली येत नाही, पण कान टवकारायला हरकत नाही. त्यातून मोठ्या शार्कच्या मांसात पारा साठतो, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी तो टाळलेलाच बरा. बहुतेक टपऱ्यांवर पर्याय असतोच: किंगफिश, माहीमाही, कोळंबी. किंगफिश ही आपल्या सुरमईची चुलत बहीण. माझं मत विचाराल तर तीच घ्यावी. चव वरच्या चटण्यांत ठरते, आत कोण आहे यावर फारसं अडत नाही. जुनं गिऱ्हाईक हे वाक्य ऐकून भांडायला उठेल.

त्या चटण्यांचं मूळ म्हणजे ते पान. वीतभर लांब, जिभेसारखं, कडेला बारीक दात असलेलं. क्रिओल बोलीत 'शॅडो बेनी', मूळ फ्रेंच नावाचा अर्थ पवित्र काटेरी झुडूप. भारतीय वंशाची माणसं त्याला 'बंधनिया' म्हणतात, वनातला धनिया. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' जहाजातून पहिले गिरमिटिये, म्हणजे कराराने आणलेले भारतीय मजूर, इथे उतरले. पुढे आलेल्यांतले बहुतेक भोजपुरी मुलखातले होते, त्यामुळे स्वयंपाकघरात चोखा, चन्ना, कुचेला हे शब्द अजून चालतात. परक्या मातीत कोथिंबिरीच्या वासाचं पान दिसल्यावर त्यांनी त्याला दुसरं काय नाव दिलं असतं? कोथिंबिरीच्याच कुळातलं, पण वास चौपट आणि आचेवर टिकणारा. आपल्या कोथिंबिरीचा वास उकळीबरोबर उडतो, याचा नाही, म्हणून ते मासा मुरवतानाही चालतं. हिरव्या मसाल्यात याची आठ-दहा पानं, कांद्याच्या पातीचा जुडगा, थाइमच्या काड्या, सहा-सात लसूण पाकळ्या आणि पिमेंटो. ही मिरची दिसते तिखट, पण तिला वासच असतो, तिखटपणा नसतो.

चटणीला पंधरा पानं, तीन पाकळ्या लसूण, बिया काढलेली अर्धी स्कॉच बॉनेट मिरची, मीठ, चिमूट साखर, लिंबू आणि पाव वाटी पाणी. घरी करायची तर ही पानं केरळात आणि ईशान्येकडच्या बाजारात मिळतात. मुंबई-पुण्यात न मिळाल्यास देठांसकट कोथिंबीर दुप्पट घ्यावी. जवळपास जमतं, तंतोतंत नाही.

टपरीवर बेकमध्ये मासा घालून हातात देतात आणि पुढचं काम गिऱ्हाइकाचं. लांबलचक टेबलावर भांडी मांडलेली: लेट्युस, टोमॅटो, काकडी, कोबीची कोशिंबीर, अननसाच्या चकत्या, लसणीचं पांढरं सॉस, बंधनिया, चिंच, आंब्याची चटणी, केचप, मोहरी, आणि कोपऱ्यात मिरचीचं सॉस. नवखा माणूस लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखा सगळं थोडं थोडं घेतो. तिथेच बिघडतं. बारा ओल्या गोष्टी एका तळलेल्या खिशात गेल्या की तळ पाच मिनिटांत गळतो आणि चिंच कोपरापर्यंत येते. आपल्या वडापावातली कोरडी लसणीची चटणी किती शहाणी आहे ते अशा वेळी कळतं.

क्रम असा ठेवावा. मासा उचलून खाली लेट्युसचं सबंध पान, म्हणजे बेक आणि ओल यांच्यामध्ये पडदा. त्यावर मासा. माशावर लसणीचं सॉस पातळ, बंधनिया सढळ, चिंचेची एकच रेघ. अननसाची एक चकती, निथळून. कोशिंबीर बाजूला. केचप आणि मोहरीकडे बघूसुद्धा नये. मिरचीचं सॉस थेंबाने मोजावं. ज्या मोरुगा गावच्या मिरचीला २०१२ मध्ये न्यू मेक्सिकोच्या विद्यापीठाने जगात सर्वांत तिखट ठरवलं, ते गाव याच बेटाच्या दक्षिणेला आहे. सॉसमध्ये रोज तीच नसते, पण तिची भावंडं असतातच. कागद खालून धरायचा, पाय फाकवून पुढे वाकायचं, गळेल ते वाळूत. ही मुद्रा तिथे सगळ्यांची सारखीच असते, बँकेतल्या साहेबाची आणि मिनीबसच्या ड्रायव्हरची.

सोबत प्यायला मॉबी. एका झाडाची साल दालचिनी, लवंग, बडीशेपेबरोबर उकळून, साखर घालून गार केलेली. पहिला घोट गोड लागतो आणि गिळल्यावर काडेचिराइताची आठवण होते. तळणीनंतर तो कडवटपणा तोंड स्वच्छ करतो, पण तिसऱ्या घोटापर्यंत धीर धरायला हवा. नाताळच्या सुमारास सॉरेल मिळतं, गडद लाल. ती म्हणजे लाल अंबाडीची बोंडं. आपण भाजी करतो, ते सरबत करतात.

गर्दीचं म्हणाल तर रविवार आणि कार्निवलनंतरचा बुधवार टाळावा. दोन दिवस नाचून थकलेलं शहर त्या बुधवारी इथे येऊन पाण्यात पडतं, आणि ख्रिस्ती उपवासाचा तो पहिला दिवस असल्याने मटण-कोंबडी वर्ज्य, मासा चालतो. त्यामुळे रांग टपरीपासून माडापर्यंत. पोहायचं ते खाण्याआधी, आणि जीवरक्षकांचे झेंडे बघून. दिसतं त्यापेक्षा इथलं पाणी आत जास्त ओढतं.

परतताना घाटमाथ्यावर गाड्या थांबतात. खाली खाडी दिसते, म्हणून थांबतात असं सांगायचं. खरं कारण 'चाऊ'. कच्च्या आंब्याच्या किंवा अननसाच्या फोडी, मीठ, लसूण, मिरची, लिंबू आणि पुन्हा तेच दातेरी पान, पिशवीत घालून खळखळून हलवलेलं. विक्रेता विचारतो, 'पेपर?', म्हणजे मिरची? शहाणा माणूस 'स्लाइट' म्हणतो. म्हणजे थोडंसं. तरी डोळ्यांत पाणी येतंच.