एक डॉलरची ग्लेन मिलर

अमेरिकेहून सुट्टीवर निघालेल्याला एक फर्माईश हमखास येते. ‘ग्लेन मिलरची जुनी रेकॉर्ड बघ रे, आता सोन्याच्या भावाने जात असेल.’ नाही जात. मिलर म्हणजे स्विंगचा, त्या काळच्या नाचायच्या जॅझचा, अमेरिकन बँडवाला. त्याच्या गाजलेल्या ‘इन द मूड’ची मूळ ७८ ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) तबकडी इथे गराज सेलमध्ये, म्हणजे लोक घरचं जुनं सामान दारात मांडून विकतात तिथे, एक-दोन डॉलरला मिळते. तेव्हा इतकी खपली की अजून संपत नाही! १ ऑगस्ट १९३९ ला न्यूयॉर्कमध्ये मुद्रण झालं. व्हिक्टर कंपनीची रेकॉर्ड ७५ सेंटला होती, ही त्यांच्याच स्वस्तातल्या ब्लूबर्ड लेबलवर ३५ ला आली. पुढचं काम ज्यूकबॉक्सने, नाणं टाकलं की रेकॉर्ड वाजवणाऱ्या पेटीने, केलं.

दुर्मीळ असते ती न झिजलेली प्रत. पोलादी सुई दर बाजूला बदलायची असे, कोण बदलतंय! तबकडी दिव्याखाली तिरकी धरा. खाचा काळ्याभोर चमकल्या तर घ्या, राखाडी पट्टे दिसले तर ठेवून द्या. वाजवून बघता आली तर थेट शेवट ऐका. तिथे तीच धून बारीक बारीक होत जाते आणि मग ट्रम्पेट-ट्रॉम्बोन एकदम उसळतात. झिजलेल्या प्रतीत बारीक जागी नुसती खरखर, उसळीला फाटका आवाज. लेबलजवळचे वेढे लहान, तेवढ्याच वेळाचा आवाज कमी लांबीत दाटलेला, म्हणून झीज तिथे आधी कळते.

एलपीची सुई चालत नाही, ती खाचेच्या तळाला घासत जाते. ७८ साठी ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घ्या. धुवायला डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. स्पिरिट अजिबात नको, तबकडीतली लाख विरघळते.

हो, लाखच, या तबकड्या तिच्याच बनत. छोटा नागपूरकडच्या कुसुम-पळसावरची. एप्रिल १९४२ मध्ये, महायुद्धामुळे, अमेरिकन सरकारने रेकॉर्डसाठीची लाख ७० टक्क्यांनी कापली, तेव्हा दुकानदार नवीच्या बदल्यात जुनी तबकडी मागत. म्हणजे या स्विंगमध्ये आपलाही वाटा आहे, हे इथल्यांना ऐकवायला हरकत नाही. आजोबांचं सामान एका शनिवारी फुंकून टाकणारी माणसं ही! आपण टाकत नाही. माळ्यावर पत्र्याखाली आडव्या रचतो, मे महिन्यात त्यांचे पापड होतात, ती गोष्ट वेगळी.

आणायचीच तर दोन्ही बाजूंना तबकडीहून मोठे जाड पुठ्ठे लावून, हातबॅगेत उभी. चेक-इनच्या बॅगेत टाकली तर मुंबईला तुकडे उतरतात.