फिमेलमध्ये मेल कुठून आला?

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे आठवीचा वर्ग निम्मा रिकामा असतो. यवतमाळ जिल्ह्यात शिकवणाऱ्यांना यात नवल वाटायचं नाही. त्या दिवशी मात्र शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे, म्हणून सगळ्या मुली आल्या होत्या. फॉर्मवर मेल आणि फिमेल असे दोन चौकोन. एरवी हजेरीपुरतं बोलणारी एक मुलगी उभी राहिली.

"सर, फिमेलमंधी मेल काहून हाये? आमचा शब्द त्यायच्यातूनच काढला का?"

पोरं हसली. मी फॉर्म बाजूला ठेवले. असा प्रश्न रोज येत नाही.

फळ्यावर दोन्ही शब्दांची मुळं लिहिली. मेल आला लॅटिन 'मास्क्युलस'वरून. फिमेल आला 'फेमिना', म्हणजे स्त्री, या शब्दाच्या लाडक्या रूपावरून, 'फेमेल्ला'वरून. दोन्ही फ्रेंचमार्गे इंग्लंडात गेले आणि १४व्या शतकात मेलशी जुळावं म्हणून फिमेलचं रूप बदललं गेलं. आडनाव एक, पण सोयरसुतक काही नाही, अशी घरं प्रत्येक गावात असतात, तसंच हे.

"मंग वुमन?" शेजारची.

इथे खोटा दिलासा द्यायचा नव्हता. वुमनमध्ये मॅन खरोखरच आहे. जुन्या इंग्रजीत तो 'वीफमन' होता. वीफ म्हणजे बाई आणि मन म्हणजे माणूस, मग बाई असो की गडी. पुरुषाला वेगळा शब्द होता, 'वेर'. तो आता वेअरवुल्फ, म्हणजे गोष्टींतला लांडगा होणारा माणूस, अशा शब्दांत उरलाय. पुढे मॅन पुरुषांकडे गेला, आणि वीफची वाईफ झाली. बाई होती ती बायको उरली. मला हा भाग दर वेळी बोचतो.

"म्हंजे सगळ्यायचा शब्द त्यायनं नेला," ती पहिली म्हणाली. मला त्यात भर घालावीशी वाटली नाही.

मग पोरांनाही चेव आला. पेन्सिल पेनची लेक का? नाही. पेन म्हणजे मुळात पीस, लिहायचं पीस. पेन्सिल आली लहान कुंचल्याच्या लॅटिन नावावरून. पेनिसिलिनची बुरशीही सूक्ष्मदर्शकाखाली कुंचल्यासारखी दिसते, म्हणून तिला तेच नाव. म्हणजे पेन्सिलीचं खरं नातं निघालं दवाखान्यातल्या इंजेक्शनशी.

गणिताचे सर दाराशी आले. मी त्यांचा तास मागून घेतला. फॉर्म मधल्या सुट्टीत भरले.