आमची वाटचाल : जुन्या डर्ट बाइकची चाकं

स्पोक आवळणं आणि चाकाचा आऊट म्हणजे वाकडेपणा काढणं, एवढ्याच कामावर आमचं वर्कशॉप सुरू झालं. पुढे जुन्या डर्ट बाइक येऊ लागल्या आणि प्रत्येक मालकाचा प्रश्न तोच: दुसऱ्या गाडीचं चाक बसेल का?

बहुतेक जण फक्त इंच सांगतात. पण १९६८ च्या यामाहा डीटी-१ ला पुढे १९ इंची चाक होतं, तर १९७३ च्या होंडा एल्सिनोर सीआर२५०एम ला २१ इंची. शिवाय इंच जुळले तरी चाक बसेलच असं नाही. खरी गाठ हबशी, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाशी असते. अॅक्सल, म्हणजे हबमधून जाणारा दांडा, १५ मिलिमीटरचा की १७ चा? ब्रेक प्लेटला धरून ठेवणारा दांडा कुठे अडकतो? मागचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चाक, पुढच्याच्या रेषेत येतं का? हबमधल्या बेअरिंगचंही तसंच: ६२०२ आणि ६३०२, दोन्ही नंबरांच्या बेअरिंगचं भोक १५ चंच. बाहेरचा व्यास मात्र एकाचा ३५, दुसऱ्याचा ४२.

सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे दोन बेअरिंगमधला स्पेसर, म्हणजे त्यांच्यात अंतर राखणारी नळी. तो जरासा आखूड असला, की अॅक्सलचा नट आवळताच आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात, चाक हाताला जड लागतं आणि नवं बेअरिंगही लवकर जातं. म्हणून स्पेसर आम्ही लेथवर स्वतः काढतो. हे काम बाहेर देत नाही.

या अनुभवातून धंद्याची दिशाच बदलली. जुनी आयती चाकं विकणं आम्ही बंद केलं. गाडीचा मूळ हब शाबूत असेल तर तोच ठेवायचा आणि त्यावर नवी रिम, नवे स्पोक बांधायचे. रिमला ३६ भोकं आहेत एवढंही पुरत नाही. मोठ्या ड्रम हबचे स्पोक आखूड आणि तिरके असतात. लहान हबसाठी पाडलेल्या भोकांत निपल, म्हणजे स्पोकच्या टोकाचा नट, नीट बसत नाही, स्पोक तिथेच वाकतो आणि पुढे तुटतो. त्यामुळे रिमला भोकं पाडायची ती हब समोर ठेवूनच. मॅग्नेशियमच्या हबला स्पोकच्या कडेला तडा दिसला, तर गिऱ्हाईक कितीही गळ घालो, आम्ही ते काम घेत नाही. उड्या मारणारी गाडी आहे ती.

चाक पाठवणाऱ्यांना एकच विनंती: जुने स्पोक कापण्याआधी रिम हबच्या मध्यापासून किती सरकलेली आहे, ते मोजून लिहून ठेवा. एकदा स्पोक सुटले की ते माप चाकावरून काढता येत नाही.