फोनवरून बोललेल्या अव्वांचं प्रोसिडिंगमध्ये काय लिहायचं?

15 ऑगस्ट 2019. झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटून झाली आणि शाळेच्या पटांगणातली निम्मी माणसं घराकडे वळली. ग्रामसभा तिथेच भरायची होती. गाव दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, कानडी बोलणारं. माणसं कानडीत भांडायची, मी मराठीत प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, लिहायचो. मी त्या गावचा ग्रामसेवक. (2024 मध्ये पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण लोकांच्या तोंडी आम्ही तेव्हाही भाऊसाहेब आणि आताही भाऊसाहेबच.)

विषय होता वेशीजवळच्या गल्लीतल्या सिमेंट रस्त्याचा. त्या गल्लीतल्या एक अव्वा (वयस्क बाईला कानडीत असं म्हणतात) खुबा मोडून दोन महिने अंथरुणावर होत्या. त्यांच्या नातवानं घरी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाईल माईकपुढे धरला. अव्वांचा आवाज खरखरत पटांगणभर गेला. लिंबाखालची पाणी जायची मोरी बुजवू नका, रस्ता उंच केलात तर वरच्या रानातलं पाणी आमच्या दारात उतरेल. लग्न होऊन आल्यापासूनचे सगळे पावसाळे त्याच गल्लीत काढलेली बाई बोलत होती. दोघा-तिघा म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. मी पेन उचललं, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "भाऊसाहेब, हजर नसलेल्या माणसाचं कसं लिहिता?"

मी लिहिलं नाही. हजेरी रजिस्टरवर सही नाही, तर त्या माणसाचं बोलणं सभेत झालं असं मला दाखवता येईना. रस्ता अंदाजपत्रकाप्रमाणे मंजूर, सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते पास. पुढं ऑक्टोबर 2020 चा तो पाऊस आला. त्या पावसात जिल्ह्यात सगळीकडेच पाणी झालं हे खरं, पण बाकी गावातलं पाणी दुसऱ्या दिवशी ओसरलं आणि त्या गल्लीतलं चार दिवस हललं नाही. अव्वांच्या उंबऱ्याच्या आत ज्वारीचं पोतं भिजून मोड आलेलं मी पाहिलं. त्या मला काही बोलल्या नाहीत. प्रोसिडिंगमध्ये त्यांची एक ओळ असती, तर निदान काम सुरू होण्याआधी कुणाला तरी दाखवता आली असती.

आता मी निवृत्त होऊन सोलापुरात विजापूर रोडला राहतो, आणि ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

ग्रामसभेचा कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातलं जे कमी असेल ते. अठराशे मतदारांच्या गावात 100 पुरतात, तरी भरत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. पंचवीस माणसं गावाचा वर्षाचा आराखडा मंजूर करतात. काही ठिकाणी रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतलेल्याही मी पाहिल्यात. गैरहजर सगळेच निष्काळजी असतात का? पोरं हडपसरला, चाकणला कंपनीत. 26 जानेवारीला कारखान्यांचा हंगाम भरात, तोडीला गेलेली कुटुंबं फडावर. घरात आजारी माणूस असलेली बाई तर गावात असूनही येऊ शकत नाही. यांची नावं मतदार यादीत आहेत, घरपट्टी ते भरतात. त्यांचा आवाज तेवढा सभेत चालत नाही.

कोरोनात काय झालं ते आठवा. 2020 मध्ये ग्रामसभा भरवायलाच मनाई आली. त्याच वर्षी महापालिकांच्या सर्वसाधारण सभा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर झाल्या. म्हणजे शहरातला नगरसेवक घरातून बोलू शकला आणि गावातल्या मतदाराची सभाच बंद. कंपन्यांच्या संचालकांना तर 2013 च्या कंपनी कायद्यानंच अशी मुभा दिली आहे. आणि ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयानं 'सभासार' आणलं, सभेच्या रेकॉर्डिंगवरून इतिवृत्ताचा मसुदा तयार करून देणारं. लिहायला यंत्र आलं, पण अव्वांच्या फोनला नियमात जागा अजून नाही.

परिपत्रकानं हे भागणार नाही, कायदाच बदलला पाहिजे. इंग्लंडमध्ये कोरोनाच्या काळात स्थानिक परिषदांना ऑनलाइन सभेची मुभा होती, ती 7 मे 2021 ला संपली. ती संपण्याआधीच प्रकरण कोर्टात गेलं होतं. तिथल्या 1972 च्या स्थानिक शासन कायद्यातल्या 'सभेला हजर' याचा अर्थ प्रत्यक्ष हजर, बदल हवा तर संसदेनं करावा, असं कोर्टानं सांगितलं.

पण सरसकट मोकळीक द्यायला माझा विरोध आहे, आणि हे अनुभवावरून सांगतो. 50 टक्के महिला आरक्षणातून ग्रामपंचायतीवर निवडून आलेल्या कितीतरी भगिनींच्या जागी नवरा बोलतो. सभेत निदान तो सगळ्यांना दिसतो, कुणीतरी त्याला उठवतं. उद्या बाई मोबाईलच्या पडद्यावर आणि नवरा चौकटीच्या बाहेर बसून कानात सांगतोय, हे कोण पाहणार? दुसरीकडे बाळंतपणात सदस्याला पंचायतीच्या सभेला येता येत नाही, आणि परवानगीशिवाय सलग सहा महिने गैरहजर राहिलं तर पद जातं. तिला घरून बोलू द्यायलाच हवं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 1953 चा ब्राऊन ॲक्ट आहे, स्थानिक संस्थांच्या सभा लोकांना खुल्या ठेवणारा. त्यातल्या नेहमीच्या अटीप्रमाणे सदस्य दुसऱ्या जागेवरून भाग घेणार असेल तर तो पत्ता अजेंड्यावर छापायचा आणि ती जागा लोकांना खुली ठेवायची. ही अट मला फार आवडली. गावातल्या दोन बायका त्या सदस्याच्या घरात जाऊन बसल्या की नवऱ्याचं कानात सांगणं आपोआप थांबेल.

कोरम मात्र पटांगणातल्या माणसांचाच मोजावा आणि अध्यक्ष तिथेच बसलेला असावा, नाहीतर चावडी ओस पडेल. फोनवर बोलणाऱ्याचं म्हणणं वेगळ्या रकान्यात लिहावं. नेट नसलं तरी साधा फोन आणि स्पीकर पुरतो, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझं नाव आता शहराच्या मतदार यादीत आहे, त्यामुळं मला ग्रामसभेत ठराव मांडता येत नाही. तुम्हाला येतो. मसुदा करून ठेवलाय, तसाच उतरवून घ्या.

"ग्रामसभेस प्रत्यक्ष उपस्थित राहू न शकणाऱ्या मतदारास दूरध्वनी अथवा व्हिडिओद्वारे म्हणणे मांडता यावे, त्याचे नाव व मतदार यादीतील अनुक्रमांक इतिवृत्तात स्वतंत्र नोंदवावा, याकरिता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 व त्याखालील नियमांत दुरुस्ती करावी, अशी ही ग्रामसभा शासनास शिफारस करते."

विषय अजेंड्यावर घ्यायला नोटीस निघण्याआधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सूचक म्हणून ज्याच्या घरचं माणूस पुण्याला आहे किंवा अंथरुणावर आहे, त्याला उभं करा.