उजनीची वही: फिन लावू की काढू?

जानेवारीपासून उजनी धरणाच्या पाण्यात नऊ फेऱ्या झाल्या. कयाक तीच, दहा फुटी, सेकंडहँड, वर बसून वल्हवायची. पहिल्या तीन फेऱ्यांत नाव सरळ जायलाच तयार नव्हती. उजवीकडे वल्हं मारलं की नाक डावीकडे, डावीकडे मारलं की उजवीकडे. काठावरच्या पोरांची चांगली करमणूक झाली. मग मागच्या टोकाखाली प्लास्टिकची फिन, म्हणजे नाव सरळ ठेवणारी उभी पट्टी, बसवली आणि चौथ्या फेरीत कुंभारगावच्या बाजूला नाव रुळावर आल्यासारखी चालली. रोहित पक्ष्यांचा थवा उथळ पाण्यात होता, त्याला लांबूनच वळसा घातला. चक्रवाक मात्र आपण लांब असलो तरी ओरडून सगळ्या गावाला सांगतात.

फिनचा तोटा कळला तो फेब्रुवारीत, डिकसळच्या जुन्या दगडी पुलाजवळ. सकाळचं ऊन समोरून येत होतं, पाणी नुसतं चकाकत होतं. अचानक कुणीतरी शेपटी धरावी तशी नाव थांबली. फिन जाळ्यात अडकली होती. मी मागे वल्हवलं, तर जाळ्याचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, आणखी गुंडाळला गेला. शेवटी सुरी काढली, तेवढ्यात एक मामा होडी घेऊन आले.

"सुरी आत ठेवा पाव्हणं, जाळं हाय ते."

वाकून, जाळ्याचा एक एक आस (भोक) सोडवत त्यांनी दहा मिनिटांत फिन मोकळी केली. मग तिला बोट लावून विचारलं, "ह्ये कशाला लावलंय? आमच्या होडीला काय न्हाय, तरी जाती की सरळ." माझ्याकडे उत्तर नव्हतं. जाळ्याच्या दोन्ही टोकांना पाण्याच्या रिकाम्या बाटल्या बांधलेल्या असतात. एक दिसली की दुसरी शोधायची आणि टोकाकडून वळसा घालायचा, हे त्यांनीच सांगितलं. मी मघाशी बरोबर दोन बाटल्यांच्या मधून घुसलो होतो.

मासेमारीची प्रगती बेताची. इथली मासेमारी परवान्यावर चालते, म्हणून आधी काठावर विचारतो, मगच गळ टाकतो. गांडूळ आणि कणकेची गोळी, दोन्ही चालतं. चिलापी फार नखरे करत नाही. अडचण वेगळीच. गळ टाकला की नाव वाऱ्याबरोबर सरकते आणि दोरी तिरकी होते. नांगर म्हणून घरातलं दोन किलोचं डंबेल दोरीला बांधलं. दुसऱ्याच दिवशी ते बुडालेल्या बाभळीत अडकलं ते कायमचं. पण त्याच बाभळीजवळ पाऊण तासात तळहाताएवढ्या चार चिलापी मिळाल्या. सोडवताना पाठीवरचा पर मागून पुढे धरला आणि अंगठ्यात काटे घुसले. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत पर दाबायचा, मग पकडायचं. मरळ अजून एकही नाही. आमिषाचा प्लास्टिकचा बेडूक शेवाळावरून ओढून ओढून खांदा दुखला.

एप्रिलमध्ये पाणी उतरलं. नवख्यांसाठी सांगतो, उजनी 'शून्य टक्के' झाली म्हणजे आटली असं नाही. शंभर टक्क्यांना साधारण ११७ टीएमसी पाणी असतं, त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी, जे टक्क्यांत धरत नाहीत. त्यामुळे आकडा 'उणे' झाला तरी वल्हवायला पाणी भरपूर. फक्त काठ लांब जातो. पळसदेवला भेगाळलेल्या गाळावरून, मग पोटरीभर चिखलातून कयाक ओढत नेताना एक चप्पल गेली. पाणीही हिरवं झालं होतं, वास येत होता. घरी येऊन नाव दोनदा धुतली.

पण पळसनाथाच्या मंदिराचं शिखर पाण्यातून वर आलेलं बघायचंच होतं. जाताना वारं पाठीशी, पंचवीस मिनिटांत पोचलो आणि वाटलं, आपण तयार झालो. शिखराभोवती दोन फेऱ्या मारल्या. साडेनऊला पश्चिमेचं वारं वाढलं. मामांचं मनावर घेऊन फिन घरी ठेवली होती. परतताना तिरकं यायचं होतं आणि नाक सारखं वाऱ्याकडे वळत होतं. एकाच बाजूला वल्हं मारत एक तास दहा मिनिटं लागली. उजव्या हाताला तीन फोड.

त्या दिवसापासून दोन नियम. आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, म्हणजे दमल्यावर वारं घरी आणतं. आणि दहाच्या आत काठावर. मे २०२४ मध्ये याच जलाशयात कुगावहून कळाशीला येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. तीही बोट होती, माझी तर दहा फुटांची कयाक. लाइफ जॅकेट काठावरच घालतो, नावेत ठेवून नेत नाही. कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम उलटून परत चढायचा सरावही केला: सात प्रयत्नांत पाच जमले.

आता पाऊस होऊन पाणी स्थिरावेपर्यंत कयाक गच्चीवर उलटी. तेवढ्यात फिनचा निकाल लावायचाय. दोरी ओढली की वर उचलली जाणारी फिन मिळाली तर जाळंही सुटेल आणि वाऱ्यातही सोय होईल. विकत मिळते ती माझ्या नावेला बसत नाही. कुणी घरी बनवली असेल तर बिजागरी कसली वापरली आणि नावेला भोक पाडलं का, तेवढं सांगा. भोक पाडायला हात धजावत नाही.