बार्लेचा सात-बारा

आईबाबा मागच्या मे महिन्यात इकडे आलेले तेव्हाची गोष्ट, लिहू लिहू म्हणता राहूनच गेली. आम्ही हॉलंडमध्ये, म्हणजे नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला असतो. पहिल्या दोन आठवड्यांत जे सगळे करतात ते सगळं केलं, पवनचक्क्या, ॲमस्टरडॅमचे कालवे, चीजचं दुकान, लाकडी बूट घालून फोटो. आई खूश. बाबांचं मात्र "हं, छान आहे" च्या पुढे काही सरकेना. नंदुरबार जिल्ह्यात तलाठी म्हणून उभी नोकरी गेली त्यांची, रिटायर होऊन आठ वर्षं झाली तरी अजून कुणाचं शेत दिसलं की आधी बांध बघतात आणि मग पीक. मग मला एकदम बार्ले आठवलं. म्हणलं चला, तुम्हाला असं गाव दाखवतो जिथे दोन देशांचा बांध लोकांच्या हॉलमधून जातो. म्हणाले, "फेकू नको."

गाडीने तासाभराचा रस्ता. ब्रेडा, टिलबर्ग आणि बेल्जियममधलं टर्नहाउट या तिघांच्या मधोमध हे गाव आहे, दोन्ही बाजू मिळून नऊ-दहा हजार वस्ती असेल. म्हणायला एक गाव, पण कागदावर दोन, डच बाजूचं बार्ले-नासाउ आणि बेल्जियमचं बार्ले-हेर्टोख. आणि ते शेजारी शेजारी नाहीत हीच तर गंमत. बेल्जियमची खरी हद्द गावाच्या दक्षिणेला राहिली, पण हॉलंडच्या पोटात बेल्जियमचे २२ तुकडे सांडलेले आहेत, आणि त्यातल्या दोन मोठ्या तुकड्यांच्या पोटात परत हॉलंडचे ७ तुकडे. आठवा डच तुकडा आहे तो तिकडे खाली, खुद्द बेल्जियमच्या मुख्य जमिनीत. नकाशा बघितला तर वाटतं कुणीतरी भेळेवर शेव टाकलीय.

गाडी लावून चालायला लागलो आणि फुटपाथवर पांढऱ्या फुल्यांची ओळ दिसली, एका बाजूला 'बी' म्हणजे बेल्जियम, दुसऱ्या बाजूला 'एनएल' म्हणजे नेदरलँड्स. रस्त्यात तिथेच धातूच्या चकत्या ठोकलेल्या. टुरिस्ट लोक एक पाय इकडे एक पाय तिकडे करून फोटो काढत होते. बाबा सरळ खाली उकिडवे बसले आणि त्या चकतीवर बोट फिरवून बघायला लागले, हलतेय का. मोजणीचा दगड हलवलेला असतो ना पुष्कळदा, रात्रीतून दोन हात सरकतो, ती जुनी सवय. मागे एक सायकलवाली बाई घंटी वाजवत थांबली होती, मी सॉरी सॉरी करत त्यांना उठवलं. उठल्यावर पहिला प्रश्न, "हे असं झालं कसं? वाटणी कुणी केली?"

आता हे मी आदल्या रात्री वाचून आलो होतो. साधारण ११९८ ची भानगड आहे ही. ब्राबांटचा ड्यूक पहिला हेन्री याने ब्रेडाच्या सरदाराला इथली जमीन दिली, पण सगळी नाही. ज्या जमिनीवर घरं होती, कसणारे होते, म्हणजे जिथून पैसा यायचा ती ड्यूकने स्वतःकडे ठेवली आणि बाकीची दिली. बाबा रस्त्यातच थांबले. "म्हणजे वसुलीची ठेवली आणि पडीक इनाम दिली." मी म्हणलं हो, तसंच. "मग बरोबर आहे की. असे तुकडे पडणारच." डच भाषेत हेर्टोख म्हणजे ड्यूक, म्हणून त्याचं ते बार्ले-हेर्टोख. ब्रेडा पुढे नासाउ घराण्याकडे गेलं, तेच नाव आजही डच राजघराणं लावतं, म्हणून दुसरं बार्ले-नासाउ. तेव्हा हा काही देशांचा प्रश्न नव्हता, दोन जमीनदारांचा होता. पुढे १६४८ च्या तहात उत्तरेचा डच भाग सुटा झाला, दक्षिणेचा स्पेनकडे राहिला, १८३० ला बेल्जियम बंड करून वेगळा झाला आणि जमीनदारांच्या बांधाची आंतरराष्ट्रीय सीमा होऊन बसली.

आणि मग आला बाबांचा आवडता भाग. दोन्ही देशांनी बसून सीमा आखली, १८४३ साली करार झाला, खांबांना नंबर दिले. पण बार्लेपाशी आल्यावर कुणाला रेघच ओढता येईना! मग काय केलं, तर खांब नंबर २१४ आणि २१५ च्या मधे सीमा आखलीच नाही, मोकळी सोडली, आणि त्याऐवजी यादी केली. जमिनीचे ५,७३२ तुकडे, प्रत्येकापुढे लिहिलं हा कुणाचा. म्हणजे जगात सीमा म्हणजे रेघ असते, इथे सीमा म्हणजे रजिस्टर आहे. बाबा एवढे खूश झाले की सांगता सोय नाही. "गाव नमुना सात!" असं मोठ्याने म्हणाले भर चौकात. "कब्जेदार सदरी एकतर बेल्जियम नाहीतर हॉलंड, बास. हे लोक शहाणे आहेत." मला आजपर्यंत इथल्या कुठल्याही गाइडने, कुठल्याही व्हिडिओने हे गाव एवढ्या कमी शब्दांत समजावून सांगितलेलं नाही.

पण रजिस्टर आलं की चूक आली. गावाच्या दक्षिणेकडे झोंडरआइखन म्हणून भाग आहे, तिथल्या ९१ आणि ९२ नंबरच्या प्लॉटवरून दोन्ही देश थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. मुळात दोन्ही गावांनी मिळून जो कागद केला होता त्यात लिहिलेलं की ७८ ते १११ सगळे नंबर नासाउचे. आणि १८४३ च्या कराराला जो कागद जोडला त्यात आलं की ७८ ते ९० नासाउचे, ९१-९२ हेर्टोखचे, ९३ ते १११ परत नासाउचे. हॉलंड म्हणतंय नक्कल करताना चूक झाली, आणि शिवाय इतकी वर्षं वहिवाट आमचीच आहे. बाबांनी मला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. "कलम १५५!" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्या जमीन महसूल संहितेत लेखनातली चूक दुरुस्त करायचं कलम ते, आणि तलाठ्याच्या आयुष्यात त्याची प्रकरणं किती येतात ते विचारू नका, अर्ध्या तालुक्याच्या भाऊबंदकीचं मूळ तिथे असतं. "मग निकाल काय लागला?" मी म्हणलं १९५९ ला लागला, १० विरुद्ध ४, जमीन बेल्जियमची. चूक झाली हे हॉलंडला सिद्ध करता आलं नाही आणि वहिवाटीचे पुरावे कराराला उलटवायला पुरले नाहीत. "बरोबर निकाल," बाबा म्हणाले, जणू अपील त्यांच्याकडेच येणार होतं.

आईला या सगळ्यात शून्य इंटरेस्ट होता हे सांगायला हवं. तिला घरं बघायची होती. प्रत्येक घराच्या नंबराच्या पाटीवर छोटा झेंडा असतो, त्यावरून कळतं घर कुणाचं, आणि एकाच रांगेत हॉलंड, हॉलंड, बेल्जियम, परत हॉलंड असं चालू राहतं. नियम असा की हद्द घरातून जात असेल तर पुढचं दार ज्या देशात त्या देशाचं घर. पण लोव्हेरेन नावाच्या रस्त्यावर एक घर आहे त्याच्या दाराच्याच मधोमध रेघ जाते, तर त्या दाराला दोन नंबर आणि दोन बेल. आई त्या दारासमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "आणि लेकाचं लग्न झालं, सून म्हणाली मला वेगळं व्हायचंय, तर नुसतं मधे पार्टिशन टाकायचं, एक हॉलंडला एक बेल्जियमला." बाबा म्हणाले पोटहिस्सा पडल्याशिवाय नाही होणार.

कॉफीला बसलो त्या कॅफेच्या बाहेरच्या टेबलांखालूनच रेघ गेलेली. इथे सगळे सांगतात की पूर्वी हॉलंडमधली हॉटेलं लवकर बंद करावी लागायची, मग वेळ झाली की गिऱ्हाइकांना टेबलासकट बेल्जियममध्ये सरकवायचे. फटाक्यांची दुकानं बेल्जियमच्या तुकड्यांवर, कारण हॉलंडमध्ये इतकी वर्षं फटाके फक्त डिसेंबरच्या शेवटच्या काही दिवसांत विकायची परवानगी, म्हणून डच पोरं इथे यायची. दुसऱ्या महायुद्धानंतर लोण्याचं स्मगलिंग जोरात होतं, हॉलंडचं लोणी बेल्जियमला, पाठलाग करणाऱ्या कस्टमवाल्यांच्या टायरखाली लोखंडी काटे टाकत गाड्या पळायच्या. लोण्यासाठी! आणि २०२० च्या मार्चमध्ये बेल्जियमने दुकानं बंद केली, हॉलंडने नाही केली, तर इथल्या एका कपड्याच्या दुकानात मधोमध पट्टी लावून बेल्जियमचा अर्धा भाग बंद आणि हॉलंडच्या अर्ध्यात विक्री चालू.

आम्हाला याचं फार आश्चर्य वाटलं नाही, खरं सांगायचं तर. आम्ही नवापूरचे. ज्यांनी सुरत-भुसावळ गाडीने प्रवास केलाय त्यांना माहीत असेल, नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत. स्टेशन आधीचं, राज्यं नंतरची, १९६० ला रेघ मधून गेली. प्लॅटफॉर्मवर एक बाकडं आहे त्याच्यावर मधोमध पट्टा मारून एका बाजूला महाराष्ट्र, एका बाजूला गुजरात लिहिलंय, लहानपणी आम्ही भावंडं त्याच्यावर जागेसाठी भांडायचो आणि हरणाऱ्याला गुजरातेत ढकलायचो. तिकडे दारूबंदी, इकडे नाही, त्यामुळे कुठली वस्तू कुठून कुठे जाते हे मी सांगायला नको. फक्त आमच्याकडे कुणी चकत्या ठोकून टुरिस्ट नाही बोलावले.

पहिल्या महायुद्धाची गोष्ट मात्र नवापूरला नाही. १९१४ ला जर्मनीने बेल्जियम व्यापला, पण बार्लेतले तुकडे घ्यायचे तर हॉलंडची जमीन तुडवावी लागणार आणि हॉलंड तटस्थ. मग राहिले ते तुकडे, जवळजवळ अख्ख्या बेल्जियममध्ये जर्मन असताना इथे बेल्जियमचा झेंडा. १९१५ ला बेल्जियमने इथे वायरलेस स्टेशन पण टाकलं, जर्मनांचे संदेश ऐकायला. तिकडे जर्मनांनी हॉलंड-बेल्जियम सीमेवर करंट सोडलेलं तारेचं कुंपण घातलं, त्याला चिकटून माणसं मेली. आज त्याच भागात आईस्क्रीम खात हिंडतो आपण.

बाबांना मी कूचबिहारचं पण सांगितलं. भारताचे १११ तुकडे बांगलादेशात होते आणि त्यांचे ५१ आपल्यात, त्यातला 'दहाला खाग्राबाडी' नावाचा तर बांगलादेशाच्या आत भारत, त्याच्या आत बांगलादेश, त्याच्या आत परत भारत, असा एक शेताचा तुकडा. २०१५ च्या ३१ जुलैच्या मध्यरात्री ते सगळे अदलाबदल करून मिटवले. तिथे बुद्धिबळात गावं हरल्याची दंतकथा सांगतात तशी इथे ड्यूकची गोष्ट सांगतात, पण तिथल्या लोकांना तेव्हा वीज नव्हती, कागद नव्हता, दवाखान्यात खोटं नाव सांगून जावं लागायचं, आणि इथे दोन महापौर, दोन पोलीस, दोन नगरपालिका आणि एक सामाईक लायब्ररी. बाबा कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सात-बारावर नाव पाहिजे रे. कुणाचं का असेना."

संध्याकाळी घरी आल्यावर आईने खिचडी टाकली आणि बाबांनी नवापूरच्या त्यांच्या सर्कल ऑफिसर दोस्ताला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेलेले. पाऊण तास ड्यूक, इनाम, ५,७३२ तुकडे, १५५, सगळं सांगून झालं. शेवटी सांगितलं की १८४३ ला सुरू झालेलं हद्दीचं काम पूर्ण झालं १९९५ ला. पलीकडून जरा शांतता, मग सर्कलकाका जांभई देत म्हणाले, "एकशे बावन्न वर्षं? अर्ज साधा टाकला असंल. अतितातडीची फी भरायला पाहिजे होती."